लेसरने पेटवलेला सूर्य सुरकुत्यांनी कसा विझतो?

'कृत्रिम सूर्य पेटला' ही बातमी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून जाते. सोबत धगधगत्या गोळ्याचं चित्र आणि खाली 'आता वीज फुकट' असा कुणाचा तरी शेरा. काही बातम्या चुंबकीय यंत्रांच्या असतात, काही लेसरच्या. चित्र मात्र सगळीकडे तेच.

लेसरवाली बातमी खरी आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत (तिथले लोक 'निफ' म्हणतात, आपणही तेच म्हणू) लेसरने इंधनाच्या एका बारीक गोळीसाठी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत घातली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. मेगाज्यूल डोळ्यांसमोर येत नसेल तर हेस्कॉमचं विजेचं बिल काढा. त्यातलं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. जगभर पहिल्या पानावर गेलेली ती ऊर्जा पुरतं एक युनिटही नव्हती.

हसू नका. लेसरने असा सूर्य पेटवायची कल्पना जॉन नकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली 'नेचर'मध्ये जाहीरपणे मांडली होती. तिथून या जवळपास एका युनिटापर्यंत यायला पन्नास वर्षं लागली. लेसर पुरेसा मोठा नव्हता, हे त्याचं अर्धं कारण. उरलेलं, आणि माझ्या मते जास्त वजनाचं कारण म्हणजे इंधनाच्या गोळीवर उठणाऱ्या सुरकुत्या. इतक्या बारीक की त्यांच्यापुढे केस जाडजूड वाटावा, आणि वाढायला लागल्या की अब्जांश सेकंदात सगळ्या प्रयोगाची राख करणाऱ्या.

## कैगा वेगळं, हे वेगळं

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात कैगाचं अणुवीज केंद्र आहे. तिथे युरेनियमचं जड केंद्रक फुटतं आणि ऊर्जा सुटते. ते विखंडन. सूर्यात उलटा कारभार चालतो. हलकी केंद्रकं एकमेकांत मिसळून जड होतात आणि त्यातून ऊर्जा सुटते. याला संमीलन म्हणतात.

प्रयोगशाळेत त्यासाठी हायड्रोजनचे दोन जड भाऊ वापरतात, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. दोघांच्याही केंद्रकांवर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणायचं तर तापमान कोट्यवधी अंशांवर न्यावं लागतं. इतका तापलेला पदार्थ कुठल्याच भांड्यात राहत नाही, म्हणून दोन वाटा निघाल्या. एक, त्याला चुंबकाच्या अदृश्य पिंजऱ्यात बराच वेळ धरून ठेवायचं. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतलं 'आदित्य' यंत्र याच जातीचं, आणि फ्रान्समध्ये उभं राहत असलेलं 'इटर'ही. इटरचं अवाढव्य क्रायोस्टॅट (आतली थंडी राखणारं निर्वात भांडं) भारताने दिलं आहे.

दुसरी वाट घाईची. इंधन इतक्या झटक्यात दाबायचं की पसरायला सवड मिळण्याआधीच ते जळून जावं. त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. स्वतःच्या जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी थांबतं, तेवढाच काय तो आधार. म्हणून या पद्धतीला जडत्वीय संमीलन म्हणतात. तो क्षण एका सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागाएवढा असतो. कैगाचं एक नंबरचं युनिट एकदा न थांबता ९६२ दिवस चाललं होतं. दोन्हींना 'अणुऊर्जा' म्हणून एकाच पोत्यात भरणं किती चुकीचं आहे, ते यावरून दिसेल.

## दोन मिलिमीटरची गोळी

निफमध्ये इंधन ठेवतात ते साधारण २ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ गोळीत. गोळीचं कवच कृत्रिम हिऱ्याचं असतं, जाडी ८० मायक्रॉनच्या आसपास. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये हे सांगावं लागत नाही, पण सगळे वाचक लेथवर उभे राहिलेले नसतात.) कवचाच्या आतल्या बाजूला ड्युटेरियम-ट्रिटियमच्या बर्फाचा थर आणि मधोमध थोडा वायू. सगळं इंधन मिळून मिलिग्रॅमचा जेमतेम पाचवा हिस्सा.

ही गोळी सेंटिमीटरभर लांबीच्या एका धातूच्या नळीत मधोमध टांगलेली असते. नळीच्या दोन्ही तोंडांतून १९२ लेसर किरण आत शिरतात. ते गोळीवर पडत नाहीत, नळीच्या आतल्या भिंतीवर पडतात. भिंत तीसेक लाख अंशांपर्यंत तापते आणि क्ष-किरण फेकू लागते. त्या क्ष-किरणांत गोळी चहूबाजूंनी न्हाऊन निघते. कवचाचा बाहेरचा पापुद्रा जळून बाहेर उडतो आणि त्याच्या धक्क्याने उरलेलं कवच आत ढकललं जातं. आत जायचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर. या वेगाने बेळगावहून निघालेला माणूस सेकंद संपायच्या आत पुण्यात असेल.

गोळीची त्रिज्या साधारण तिसाव्या हिश्श्यावर येते. मधला वायू दाबला जाऊन तापतो, तिथे संमीलनाची ठिणगी पडते, आणि तिची उष्णता भोवतालच्या थंड, दाट इंधनाला पेटवते. निदान कागदावर तरी असं होतं. प्रत्यक्षात कवच आत जाता जाता चुरगळतं.

## उलटा तांब्या

का चुरगळतं, ते घरात करून बघता येतं. तांब्या काठोकाठ भरा, तोंडावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, हाताने धरून तांब्या उलटा करा आणि पुठ्ठ्यावरचा हात काढा. पाणी पडत नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग ठरलेला, आणि उत्तरही ठरलेलं: 'हवेच्या दाबामुळे.'

उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट. हवेचा दाब सुमारे दहा मीटर उंचीचं पाणी पेलू शकतो. तांब्यातलं पाणी जेमतेम वीसेक सेंटिमीटर, म्हणजे हवेकडे गरजेच्या पन्नास पट ताकद आहे. मग पुठ्ठा काढल्यावर पाणी का कोसळतं? हवा तीच, दाब तोच, पाणीही तेवढंच.

कारण पुठ्ठ्याने पाणी उचलून धरलेलं नव्हतंच. त्याने पाण्याचा पृष्ठभाग सपाट ठेवला होता. पुठ्ठा गेला की पृष्ठभागावर कुठेतरी केसाएवढा फुगवटा येतो. जिथे पाणी किंचित खाली झुकलं, तिथे वरचा पाण्याचा स्तंभ किंचित उंच झाला, म्हणून वजन किंचित वाढलं, म्हणून ते आणखी झुकलं. शेजारी जिथे खळगा पडला, तिथे हवा जोर करून वर घुसते. झुकणं जितकं जास्त तितका झुकण्याचा वेग जास्त, म्हणजे वाढ चक्रवाढीने. निमिषात पाण्याची बोटं खाली आणि हवेचे बुडबुडे वर. हवा अशक्त म्हणून पाणी सांडलं असं नाही, जड आणि हलक्यामधली सीमा सपाट राहिली नाही म्हणून सांडलं.

हलक्या पदार्थाने जड पदार्थाला पेललं किंवा ढकललं की त्यांच्यामधल्या सीमेवरची लहानशी सुरकुती आपोआप वाढत जाते. या प्रकाराला रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात. लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्ये जड द्रव वर आणि हलका खाली अशा मांडणीचं गणित केलं. जेफ्री टेलर यांनी १९५० मध्ये दाखवलं की त्याला गुरुत्वाकर्षणच हवं असं नाही. हलक्याने जडाला वेग दिला तरी तोच परिणाम होतो. आपल्या गोळीचं दुखणं टेलर यांच्या या वाक्यात आहे.

## हा तांब्या दोनदा उलटतो

पहिल्यांदा बाहेरून. कवचाचा जळून उडालेला भाग गरम आणि विरळ, राहिलेलं कवच दाट. विरळ पदार्थ दाटाला आत ढकलतोय, म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागावर सुरकुत्यांना मोकळं रान.

दुसऱ्यांदा आतून. कवच मध्याजवळ आलं की आतला तापलेला वायू त्याला अडवू लागतो. पुन्हा विरळ वायू आणि त्यावर रेलणारं दाट इंधन. बाहेरच्या सुरकुत्या तोवर कवचाच्या जाडीतून आत उतरलेल्या असतात आणि इथे नव्याने वाढतात. थंड इंधनाची आणि कवचातल्या कार्बनची बोटं गरम गाभ्यात घुसतात. बोटांच्या कडांवर दोन पदार्थ एकमेकांना घासतात, त्यातून छत्र्यांसारखे भोवरे उठतात आणि सगळं कालवलं जातं.

कार्बन आत गेला की काय बिघडतं? हायड्रोजनपेक्षा कार्बनच्या केंद्रकावर सहापट विद्युतभार असतो. तापलेल्या अवस्थेत असा पदार्थ क्ष-किरणांच्या रूपाने कितीतरी जास्त उष्णता बाहेर फेकतो. गाभ्यात चिमूटभर कार्बन शिरला तरी ठिणगी पेट घेण्याआधी थंड होते.

या दोन्हींच्या आधी आणखी एक छोटा अंक असतो. पहिली धक्कालहर (दाबाची अचानक उठलेली लाट) खडबडीत पृष्ठभागावरून जाते तेव्हाच सुरकुत्यांना पहिला झटका बसतो. त्याचं गणित रॉबर्ट रिक्टमायर यांनी १९६० मध्ये केलं, प्रयोग येव्हगेनी मेश्कोव्ह यांनी १९६९ मध्ये. त्याच्या खोलात इथे जात नाही.

एक दिलासाही आहे. तांब्याच्या तोंडाला ओलं मलमल घट्ट बांधून उलटा केला तरी पाणी पडत नाही. बारीक छिद्रांत पृष्ठताण जिंकतो, फार बारीक सुरकुतीला तो वाढूच देत नाही. गोळीत पृष्ठताण नाही, पण पृष्ठभागाचं जळत राहणं तेच काम करतं. उंचवटे जास्त तापतात, जास्त जळतात आणि झिजून सपाट होतात. त्यामुळे अगदी बारीक लाटा विरतात. अगदी लांब लाटा सावकाश वाढतात. घात करतात त्या मधल्या मापाच्या लाटा.

## 'मग गोळी आणखी गुळगुळीत करा की वो!'

हा प्रश्न बेळगावातच ऐकायला मिळेल. फौंड्री, हायड्रॉलिक सिलिंडर आणि सुट्या भागांवर पोट असलेल्या गावाला फिनिशिंगचं मोल कळतं. चांगल्या होनिंगनंतर (आतून घासून घोटल्यावर) सिलिंडरच्या आतल्या अंगावर मायक्रॉनच्या काही दशांश इतका खडबडीतपणा उरतो. या गोळ्या त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही गुळगुळीत करतात. तरी भागत नाही, कारण वाटेत सुरकुत्या शेकडो पटींनी वाढू शकतात.

आतल्या बर्फाच्या थराची तर गंमतच आहे. उणे २५५ अंशांच्या आसपास थंड केलेल्या बंद गोळीच्या आत तो सारखा कसा पसरवणार? तिथे हत्यार पोचत नाही. हे काम ट्रिटियम स्वतःच करतो. तो किरणोत्सारी आहे, १२.३ वर्षांत निम्मा होतो, आणि होता होता थोडी ऊब सोडत राहतो. थर जिथे जाड, तिथे ऊब जास्त. तिथला बर्फ वाफ होऊन उडतो आणि पातळ, थंड जागी जाऊन बसतो. काही तासांत थर स्वतःला समतल करून घेतो. या सगळ्या प्रकरणात निसर्ग आपल्या बाजूने उभा राहिल्याची ही एकच जागा मला दिसते.

पण खरी गोची गुळगुळीतपणाच्या पलीकडे आहे. गोळी हवेत तरंगत नाही, तिला कशाने तरी धरावं लागतं. निफमध्ये ती दोन पातळ पडद्यांच्या मध्ये धरलेली असते. पडद्याची जाडी काही दहा नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनच्या काही शतांश. एवढ्याशा पडद्याने काय होणार, असाच सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात पडदा गोळीला जिथे सोडतो त्या कडेवर भलीमोठी सुरकुती उठत होती. शिवाय इंधन भरायला काचेची नळी लागते. आधी ती १० मायक्रॉनची होती, मग ५, मग २. जिथे ती गोळीत शिरते तिथून कवचाच्या पदार्थाची एक चिळकांडी थेट गाभ्यात जाते. हिऱ्याच्या कवचात खळगे आणि पोकळ्याही सापडतात. नुसतं पॉलिश करून यातलं काहीच जात नाही.

गोळीच्या दर्जाने काय फरक पडतो, ते २०२१ मध्ये दिसलं. ८ ऑगस्टच्या प्रयोगात सुमारे १.३ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली, तोवरच्या विक्रमाच्या कितीतरी पट. मग तोच लेसर आणि तीच रचना वापरून प्रयोग पुन्हा केले, तर जेमतेम निम्म्यापर्यंत मजल गेली. गोळ्यांतले सूक्ष्म दोष हे त्याचं मोठं कारण होतं.

## 'लेसर वाढवा, विषय संपला'

विषय तिथे सुरू होतो. गोळी अधिक वेगाने दाबायची तर जास्त प्रवेग द्यावा लागतो, आणि अस्थिरता प्रवेगावरच पोसते. लेसर तेवढाच ठेवून वेग हवा असेल तर कवच पातळ करावं लागतं, आणि पातळ कवच सुरकुतीने लवकर फाटतं. जोर वाढवला की सुरकुती वाढते, जपून ढकललं की ठिणगी पडत नाही. या दोन्हींच्या मधली वाट फार अरुंद आहे.

निफ २००९ मध्ये तयार झालं. पहिल्या मोहिमेत शास्त्रज्ञांनी इंधन शक्य तितकं थंड ठेवून शक्य तितकं दाबायचं ठरवलं होतं. गणितात ते सर्वांत फायद्याचं होतं. २०१२ पर्यंत ती मोहीम संपली, ठिणगी पडली नाही. मग ओमर हरिकेन आणि सहकाऱ्यांनी पवित्रा बदलला. लेसरच्या स्पंदाचा (एका झटक्यातल्या प्रकाशाचा) सुरुवातीचा हलका भाग त्यांनी मुद्दाम जोरकस केला. त्यामुळे इंधन आधीच थोडं गरम होतं आणि नंतर कमी दबतं. हे नुकसान जाणूनबुजून पत्करायचं. बदल्यात पृष्ठभाग वेगाने जळतो, जड-हलक्यामधली सीमा पसरट होते आणि सुरकुत्या दबून राहतात. २०१४ च्या सुरुवातीला त्यांनी जाहीर केलं की इंधनात जितकी ऊर्जा पोचली त्याहून जास्त बाहेर आली. लेसरच्या ऊर्जेशी तुलना केली तर ती अजून नगण्यच होती.

कागदावर सर्वोत्तम असलेली रचना सोडून सहनशील रचना निवडणं, हाच मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. २०२२ च्या यशातही तेच सूत्र दिसतं. लेसरची ऊर्जा थोडी वाढवली, पण ती वेगावर उधळली नाही. कवच थोडं जाड केलं.

## सुरकुती मोजतात कशी?

चुकून आलेली सुरकुती मोजणं अवघड, म्हणून आधी मुद्दाम पाडतात. गोळीच्या पृष्ठभागावर ठरलेल्या मापाच्या लाटा कोरायच्या, समजा परिघावर ६० बसतील अशा. गोळीत एका बाजूने सोन्याचा शंकू खुपसायचा. त्यामुळे समोरची आणि मागची अशा दोन भिंती एकमेकींवर पडून चित्र गढूळ होत नाही, एकच भिंत दिसते. मग काही लेसर किरण वेगळ्या धातूच्या पत्र्यावर मारून क्ष-किरणांचा झोत तयार करायचा आणि आत धावणाऱ्या कवचाचे पाठोपाठ फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोचा उघडझाप काळ सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागाच्या आसपास. लाटांची गडद-फिकट पट्टी किती ठळक झाली, त्यावरून वाढ किती पट ते निघतं.

निफवरच्या या मोजण्यांतून दोन गोष्टी कळल्या. जोरकस सुरुवातीच्या स्पंदात सुरकुत्या खरोखरच कमी वाढतात. आणि मुद्दाम कोरलेल्या लाटांची वाढ कॉम्प्युटरच्या अंदाजाशी बऱ्यापैकी जुळते.

## 'मग कॉम्प्युटरला आधी का कळलं नाही?'

२०१२ च्या आधी कॉम्प्युटर ठिणगी पडेल असंच सांगत होते. भौतिकशास्त्र फारसं चुकलं नव्हतं. कॉम्प्युटरला जी गोळी दिली होती ती प्रत्यक्षातल्या गोळीपेक्षा चांगली होती. पडद्याचा परिणाम कमी धरला होता, आणि कवचातले खळगे, नळीची चिळकांडी हे सगळं त्रिमितीत बारकाईने मांडायला तेव्हाची यंत्रं अपुरी पडत होती. एका टोकाला सेंटिमीटरची नळी, दुसऱ्या टोकाला नॅनोमीटरचा पडदा, आणि दोन्ही एकाच गणितात बसवायचे. आता ते बऱ्याच अंशी जमतं, तरी प्रत्येक गोळीचे दोष आधी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ते आकडे गणितात भरावे लागतात.

## 'ते राहू दे, लाईट कधी मिळणार?'

७ एप्रिल २०२५ च्या प्रयोगात निफने २.०८ मेगाज्यूल घालून ८.६ मेगाज्यूल मिळवले, सुमारे २.४ युनिट. प्रगती खरी आहे. पण २.०८ हा आकडा गोळीच्या दिशेने गेलेल्या प्रकाशाचा आहे. तो प्रकाश तयार करायला लेसरयंत्रणा विजेच्या तारांतून ३०० मेगाज्यूलच्या आसपास ओढते, म्हणजे ८३ युनिटांच्या घरात. घरचा हिशेब अजून तोट्याचाच.

यात निफची फसवणूक नाही. ते केंद्र वीज तयार करायला बांधलेलंच नाही. अमेरिकेने १९९२ पासून अणुस्फोट चाचण्या बंद केल्या, आणि चाचणी न करता साठ्यातल्या अण्वस्त्रांचं भौतिकशास्त्र तपासणं हे त्याचं मुख्य काम आहे. व्हॉट्सॲपवरच्या बातमीत हा भाग नेमका गळतो. लेसरही जुन्या धाटणीचा, दिव्यांच्या झगमगाटाने चेतवलेला आहे. डायोडने चेतवलेले लेसर विजेचा बराच मोठा हिस्सा प्रकाशात बदलतात, त्यामुळे ती गळती कमी होऊ शकते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला ६० किरणांचा 'ओमेगा' लेसर आहे. तिथे धातूची नळी वगळून किरण थेट गोळीवर मारतात. ऊर्जा कमी वाया जाते, पण किरणांचा स्वतःचा खडबडीतपणा गोळीवर उमटतो, आणि सुरकुत्यांना आणखी एक बी मिळतं.

वीज केंद्र चालवायचं तर साधारणपणे सेकंदाला दहा गोळ्या फोडाव्या लागतील असं धरतात. निफमध्ये सगळ्या तऱ्हेचे प्रयोग मिळून वर्षाला चारेकशे होतात. सेकंदाला दहा म्हणजे दिवसाला ८ लाख ६४ हजार गोळ्या. प्रत्येकीचा पृष्ठभाग नॅनोमीटरच्या हिशेबात गुळगुळीत, आणि किंमत काही रुपयांत बसणारी. त्या टांगून ठेवायला वेळ मिळणार नाही, तापलेल्या कक्षात उडवत न्याव्या लागतील, आणि लेसरने त्यांना उडतानाच गाठायचं. उणे २५५ अंशांचा आतला बर्फ तेवढ्या प्रवासात वितळून खडबडीत झाला, तर ती गोळी वाया.